राणीछाप रुपयावरचे ठिपके आणि ‘हजार पट’ मोठे दाखवणारा मायक्रोस्कोप

गेली दोन वर्षे मी एक स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप जवळजवळ एकाच कामासाठी वापरत आहे. ते काम म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयांवरील ठशांचे भेद ओळखणे. जाड मार्करएवढे हे यंत्र ऑनलाइन दुकानांत निरनिराळ्या नावांनी विकले जाते. त्याला एक वायर असते, तोंडाशी आठ बारीक दिवे असतात आणि सोबत प्लास्टिकचा स्टँड येतो. मला ते सतराशे रुपयांना पडले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण वेगळ्या नावाचे असेच यंत्र एका मित्राकडे आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर आम्हाला खोक्याच्या रंगापलीकडे फरक सापडला नाही. हे परीक्षण त्या जातीच्या यंत्राचे आहे, आणि तेही फक्त नाण्यांच्या दृष्टीने. मुलांना मुंगीचे पाय दाखवण्यासाठी ते उत्तम असेल, पण तो आजचा विषय नव्हे.

यंत्राकडून अपेक्षा काय ठेवायची हे कळण्यासाठी आधी काम समजून घ्यावे लागते. टांकसाळीतील पोलादी ठशावर चित्र उलटे आणि खोलगट असते. चांदीच्या चकतीवर तो आदळला की तेच चित्र सुलटे आणि उठावाचे होते. मूळ ठशावरून कामाचे अनेक ठसे काढले जात. ते झिजत, तडकत, पुन्हा घासून वापरले जात, आणि त्यांतल्या काहींवर कारागीर एखादे अक्षर किंवा ठिपका हाताने ठोकत असे. त्यामुळे एकाच सालाचे दोन रुपये सारखे दिसले तरी एकाच ठशाचे असतीलच असे नाही. कंपनी सरकारने १८३५मध्ये आपल्या साऱ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा रुपया ठरवला, तेव्हापासून हे भेद मोजता येतात. चौथ्या विल्यमच्या रुपयावर गळ्याच्या कापापाशी ‘एफ’ किंवा ‘आर.एस.’ ही अक्षरे आहेत की नाहीत, आणि असल्यास ती उठावाची आहेत की कोरलेली, हे पाहायचे असते. १८४०च्या रुपयावर राणीचे नाव डोक्यावरून सलग गेले आहे की डोक्याने दुभंगले आहे हे हातभर अंतरावरूनही दिसते. त्यानंतर मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतील बारीक फळे मोजायची, आणि ती अठ्ठावीस भरतात की पस्तीस, यावर पुढची वर्गवारी ठरते. एवढ्या कामाला साधे भिंग पुरते. मायक्रोस्कोप घ्यावासा वाटला तो १८६२च्या रुपयापायी.

१८६२ हे साल जितके रुपयांवर दिसते तितके रुपये त्या एका सालात पाडलेलेच नाहीत. पुढे वर्षागणिक रुपये पडत राहिले, पण १८७४पर्यंत त्यांच्यावर साल मात्र हेच राहिले. याचे कारण सराफकट्ट्यावर सापडते, असे मानले जाते. जुन्या काळी ज्या रुपयावर मागचे साल, त्याला सराफ बट्टा लावत. साल जुने झाले की चांदी तीच असूनही रुपया चार पैशांनी उतरायचा, म्हणून कलकत्त्याच्या सिक्का रुपयावर कंपनीने मोगल बादशहा शाह आलमचे एकोणिसावे जुलूस वर्षच, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, कायम करून टाकले होते. आपण एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो तो हाच बट्टा. साल गोठवले की सराफाला बोट ठेवायला जागा उरत नाही. पण कोणता रुपया केव्हाचा हे टांकसाळीला स्वतःला तर कळले पाहिजे. त्यासाठी मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला वरच्या फुलाशी आणि खाली तारखेपाशी ठिपके ठोकले, असा संग्राहकांचा सर्वसाधारण समज आहे. वरचे ठिपके आधी आणि खालचे नंतर अशा क्रमाने ०/१, २/० असे आकडे लिहिण्याची पद्धत आहे. त्याच्या जोडीला राणीच्या पोशाखाच्या पुढच्या पट्टीवरील नक्षीचे चौकोन मोजून मुखवट्याचा प्रकार ठरतो आणि वरच्या फुलाच्या पाकळ्या कशा उमलल्या आहेत यावरून मागच्या बाजूचा. काही जोड्या पैशाला पासरी आहेत, तर काही अशा आहेत की त्यांच्या नुसत्या नावाने विक्रेत्याचा आवाज बदलतो.

आता यंत्राकडे वळतो, आणि सुरुवात खोक्यावरच्या दाव्याने करतो. खोक्यावर ‘१००० पट’ असे ठळक छापले आहे. पडद्यावर दिसणारी वाढ म्हणजे पडद्यावरील चित्राची रुंदी भागिले भिंगाखाली दिसणाऱ्या खऱ्या भागाची रुंदी, इतके साधे ते गणित आहे. माझ्या लॅपटॉपचा पडदा ३१ सेंटिमीटर रुंद आहे. यंत्रासोबत आलेली मिलिमीटरच्या खुणांची प्लास्टिकपट्टी खाली ठेवून पाहिले तेव्हा नाण्यापासून थोडे अंतर ठेवल्यास १० मिलिमीटर रुंदीचा भाग दिसला, म्हणजे वाढ ३१ पट झाली. यंत्राचे तोंड वस्तूला जवळजवळ टेकवल्यावर दीड मिलिमीटरच्या आतबाहेरचा भाग दिसला, म्हणजे फार तर दोनशे पट. हजार पट खरोखर मिळाली असती तर साडेतीस मिलिमीटर व्यासाचा रुपया तीस मीटरचा झाला असता आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका पडद्याबाहेर सांडला असता. थोडक्यात, दावा खोटा आहे. पण आमच्या कामाला हजार पट वाढ मुळात नकोच असल्याने त्याचा राग धरावा असेही नाही.

जुळवाजुळव चालते ती पहिल्या प्रकारच्या, तीसेक पटीच्या वाढीवर. यंत्राची मोठी चित्रे आतून ताणून मोठी केलेली असतात आणि त्यातला डोळा प्रत्यक्षात ६४० बाय ४८० बिंदूंचाच असावा अशी माझी खात्री झाली आहे, कारण मोठ्या आकाराच्या छायाचित्रात एकही नवी रेघ दिसत नाही. तरीही दहा मिलिमीटरला ६४० बिंदू म्हणजे मिलिमीटरला ६४, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला ३२ बिंदू मिळतात. त्याची कड, उतार आणि शेजारची जमीन, म्हणजे नाण्याचा मोकळा सपाट भाग, ओळखायला ते पुरेसे आहेत. बिंदूंच्या संख्येवरून या यंत्राला नावे ठेवणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. ते कमी पडते ते प्रकाशात.

तोंडाभोवतीचे आठ दिवे हा या यंत्राचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि विक्रीच्या जाहिरातीत नेमका तोच गुण म्हणून मिरवलेला असतो. प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा पडला की सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उठाव सपाट दिसू लागतो. शिवाय चांदीवर आठ पांढऱ्या टिकल्यांचे प्रतिबिंब उमटते ते वेगळेच. पहिल्या आठवड्यात मी १८६२चे तीन रुपये ‘बिनठिपक्याचे’ म्हणून चिठ्ठीवर नोंदले होते, त्यांतल्या एकावर दोन ठिपके निघाले. त्यावर मी दोन उपाय केले. नाण्याची रंगछटा आणि मूळ तकाकी पाहायची असेल तर श्रीखंडाच्या डब्याचे पांढरे प्लास्टिक गोल कापून दिव्यांसमोर बसवले, त्याने टिकल्या जाऊन प्रकाश मऊ झाला. ठिपके, तडे आणि अक्षरांवरचे दुहेरीपण पाहायचे असेल तेव्हा मात्र यंत्राचे दिवे चाकाने पूर्ण बंद करून टेबलदिवा नाण्याच्या पातळीलगत आणला, इतका तिरका की प्रकाश नाण्यावरून सरपटत जावा, आणि दिवा न हलवता नाणे सावकाश फिरवले. दुसरा उपाय अंगवळणी पडल्यावर यंत्राची किंमत वसूल झाली असे मला वाटले.

तिरक्या प्रकाशात मात्र एक फसगत आहे, आणि ती यंत्राची नसून आपल्या डोळ्यांची आहे. उजेड वरून येतो असे डोळा गृहीत धरतो. पडद्यावरच्या चित्रात तो खालून येत असेल तर उठावाचा ठिपका खळगा वाटतो आणि खळगा ठिपका वाटतो. भिंग हातात असताना दिवा कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण पडद्यावर ते भान सुटते आणि जतन केलेल्या छायाचित्रात तर पुरते हरवते. ही फसगत येथे जीवघेणी ठरते, कारण ठशातून आलेली प्रत्येक खूण नाण्यावर उठावाची असते आणि नाण्याला नंतर झालेली इजा बहुधा खोल असते. उठावाची वेडीवाकडी रेघ म्हणजे ठशाचा तडा; खोल रेघ म्हणजे कोणाची तरी नखे, सुई किंवा किल्ल्यांचा जुडगा. यावर मी खसखशीचा एक दाणा वापरतो. तो ठिपक्याशेजारी नाण्यावर ठेवायचा आणि छायाचित्र घ्यायचे. दाणा उठावाचा आहे यात शंका नसते, म्हणून ठिपक्याची सावली दाण्याच्या सावलीच्याच बाजूला पडली तर ठिपका उठावाचा. दाणा नाण्याला काही करत नाही, पण छताचा पंखा बंद ठेवावा लागतो.

पंख्यावरून स्टँडची आठवण होते. हा स्टँड म्हणजे शुद्ध निष्काळजीपणा आहे. प्लास्टिकचा हात इतका लवचिक आहे की नेमकेपणाचे (फोकसचे) चाक फिरवण्यासाठी बोट लावले की चित्र थरथरते, आणि ते स्थिर होईपर्यंत आपण चाक पुढे फिरवून बसलेलो असतो. याहून गंभीर बाब अशी की सर्वाधिक वाढीसाठी यंत्राचे तोंड वस्तूला टेकवणे अपेक्षित आहे. चांदीच्या जुन्या नाण्याच्या बाबतीत हा अपराध समजावा. त्या प्लास्टिकच्या कडेने माझ्या एका साध्या, सुदैवाने झिजलेल्या रुपयाच्या मोकळ्या जमिनीवर केसाएवढा चंद्रकोरी ओरखडा उठला आहे. तेव्हापासून दोनशे पट वाढीच्या वाटेला मी जात नाही. सुताराकडून एक जड लाकडी ठोकळा आणि त्याला उभी दांडी करून घेतली. त्याला तीनशे रुपये लागले आणि निम्मी कटकट मिटली.

सोबतचे सॉफ्टवेअर छोट्या सीडीवर आले होते. ज्या लॅपटॉपवर सीडीची खाच आहे तो लॅपटॉप आता फक्त संग्राहकांकडेच सापडेल. सुदैवाने हे यंत्र संगणकाला वेबकॅमसारखेच दिसते, त्यामुळे लॅपटॉपच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये चित्र लगेच उमटले. फोनला ते ओटीजी जोडणीने, म्हणजे यूएसबी यंत्र थेट फोनला लावण्याच्या सोयीने, लागते असे खोक्यावर लिहिले आहे. माझ्या फोनने ओळख दाखवली नाही, मित्राच्या फोनने दाखवली. पडद्यावर अंतर मोजण्याची सोय चांगली आहे, पण नेमकेपणाचे चाक किंचित हलवले तरी आधीचे प्रमाण निकामी होते आणि यंत्र त्याची सूचना देत नाही, म्हणून प्रत्येक बैठकीत खुणांची पट्टी नव्याने ठेवणे आवश्यक आहे.

आता खरा फायदा सांगतो, कारण इतकी कुरकुर करूनही मी हे यंत्र परत केले नाही. दीड वर्षापूर्वी एका नाणे-प्रदर्शनात, तारखेखाली ठिपके असलेला म्हणून १८६२चा एक रुपया मी बऱ्यापैकी चढ्या भावाने घेतला. दहा पटीच्या भिंगातून ठिपके स्वच्छ दिसत होते. घरी तिरक्या प्रकाशात, तीस पटीवर पाहिले तेव्हा त्यांतल्या एका ठिपक्याभोवती खंदकासारखी बारीक खोलगट कड दिसली आणि त्या कडेवर समांतर ओरखडे होते. ठशातून आलेल्या ठिपक्याभोवती असा खंदक नसतो. तेथे नाण्याची जमीन सरळ ठिपक्याच्या पायथ्याशी जाऊन वर चढते, कारण ठशातल्या खळग्यात चांदी दाबाने चढलेली असते. शेजारची चांदी उकरून, ढकलून मध्ये उंचवटा केला तर ती चांदी कोठून तरी आलेली असते आणि ती जागा खोल राहते. विक्रेत्याचा यात हात होता की तोही फसला होता हे सांगता येत नाही, पण पैसे परत मिळाले नाहीत. तो रुपया आता नवख्या मित्रांना दाखवण्यासाठी ठेवला आहे आणि त्या कामात तो अतिशय प्रामाणिक आहे. हा निवाडा भिंगाने झाला नसता असे नाही, परंतु हात स्थिर ठेवून, पापणी न हलवता, दुसऱ्या अस्सल रुपयाशी ताडून पाहणे भिंगाने जमत नाही. दोन छायाचित्रे शेजारी लावली की शंका उरत नाही.

याच्या उलटही एक सावधगिरी आहे, आणि ती यंत्र शिकवत नाही. ठिपका न दिसणे हा ठिपका नव्हता याचा पुरावा नव्हे. ठशावर ठिपका म्हणजे एक छोटा खळगा. तेल आणि धूळ साचून तो भरला तर पुढच्या नाण्यांवर ठिपका मंद होत होत दिसेनासा होतो. ठसा घासून वापरला तरी तेच होते. म्हणून दोन ठिपक्यांतले अंतर मोजून, तीन ठिपक्यांच्या खुणेत मधला किंवा कडेचा गळला आहे काय हे पाहावे लागते, आणि या मोजणीसाठी यंत्र खरोखर उपयोगी पडते. आपल्या घरांतल्या रुपयांना आणखी एक शत्रू आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डब्यातले राणीछाप रुपये रांगोळीने घासून लखलखीत करण्याची रीत किती पिढ्यांची असेल कोणास ठाऊक; त्या रांगोळीने जितके ठिपके पुसले तितके झिजेनेही पुसले नसतील. अशा नाण्यावर तिरक्या प्रकाशात समांतर केसओरखड्यांचे रान दिसते आणि त्यातून ठिपका शोधणे म्हणजे नांगरलेल्या शेतात पाऊलखूण शोधणे.

यंत्र कोणासाठी नाही हेही सांगायला हवे. १९११च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयासाठी याची काही गरज नाही. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली होती की तो लोकांना डुकरासारखा दिसला, नाण्याला ‘डुक्करछाप’ म्हणू लागले आणि पुढच्या वर्षी ठसा सुधारावा लागला. तो हत्ती साध्या भिंगात ओळखू येतो. पेशवाईतल्या अंकुशी रुपयाच्या अभ्यासकांनाही याचा फारसा लाभ नाही. तो हातोड्याने पाडलेला असून तेथे ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा एकच तुकडा येतो आणि एक ठसा पुरा समजण्यासाठी अनेक नाण्यांची पूर्ण छायाचित्रे जुळवावी लागतात. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला आपले आजोबा ‘कलदार’ म्हणत; हा मायक्रोस्कोप त्या कलदाराच्याच कामाचा आहे.

आणि ज्याच्याकडे चांगले भिंग नाही त्याने आधी हे यंत्र घेऊ नये. जवाहिरे वापरतात तसे तीन काचा जोडलेले दहा पटीचे भिंग डोळ्याला टेकवून, नाणे सुमारे अडीच सेंटिमीटरवर धरून पाहिले की मुखवट्याचा प्रकार, फुलाचा प्रकार, फळांची संख्या आणि बहुतेक ठिपके दोन मिनिटांत कळतात. एका काचेचे स्वस्त भिंग कडेला चित्र वाकवते आणि रंगांची झालर देते, त्यापेक्षा हजाराच्या घरातले तीन काचांचे भिंग घ्यावे. मायक्रोस्कोपने नाणी चाळायला बसले तर एका नाण्याला पंधरा मिनिटे जातात आणि नाणे समग्र पाहण्याची सवय मोडते. माझा क्रम आता ठरून गेला आहे. आधी वजनकाटा, मग भिंग, आणि भिंगाने जेथे प्रश्नचिन्ह काढले तेवढ्यापुरताच मायक्रोस्कोप.

आजीच्या पूजेच्या डब्यात तेवीस रुपये होते, त्यांतले नऊ १८६२चे. सहा भिंगानेच लागले. दोघांचा निकाल यंत्राने दिला, ज्यांतल्या एकावर मी आधी चुकलो होतो. नवव्यावर तारखेखाली काहीतरी आहे. खसखशीच्या दाण्याची सावली ज्या बाजूला पडते त्याच बाजूला त्याचीही पडते, पण रांगोळीचे ओरखडे त्याच्या अंगावरून असे गेले आहेत की कड सापडत नाही. त्याच्या पाकिटावर मी पेन्सिलीने ‘०/१?’ असे लिहून ठेवले आहे.